प्युरोमायसिन चालू, तरी स्टेम सेल्स गायब : एसएचईकॅड पेशींच्या जुन्या दुखण्यावर उतारा

एसएचईकॅड म्हणजे जीन बदलून स्टेम सेलसारख्या केलेल्या स्तनाच्या पेशी, आणि प्युरोमायसिन म्हणजे ज्यांत आपला जीन बसला नाही त्या पेशी मारणारं औषध. आधी लक्षणं. यातली दोन तरी जुळली तर पुढे वाचा, नाहीतर तुमचं दुखणं वेगळं आहे.

चातीसारख्या लांबट, सुट्यासुट्या पेशींच्या फ्लास्कमध्ये मध्येच बेटं दिसायला लागतात. बेटावरच्या पेशी गच्च, कडेला कड लावून बसवलेल्या शहाबादी फरशीसारख्या. पहिल्या आठवड्यात एक-दोन बेटं, महिन्याभरात निम्मा फ्लास्क. फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशी रंगवून एकेक मोजायच्या तंत्राच्या) आलेखावर सीडी४४ भरपूर आणि सीडी२४ कमी (ही पेशीवरची ओळखखुणेची प्रथिनं) असलेल्या, म्हणजे स्टेमसारख्या पेशींचा जो दाट ढग असायचा, तो विरळ होतो. मॅमोस्फिअर्स, म्हणजे मीडियात (पोषक द्रवात) तरंगत वाढणारे पेशींचे गोळे, एक तर होत नाहीत, नाहीतर अचानक दुप्पट होतात. दुप्पट होणं हेही लक्षणच आहे, पेढे वाटू नका. आणि हे सगळं प्युरोमायसिन नेमाने चालू असताना.

हे दुखणं मी किती वेळा निस्तरलंय ते मोजणं सोडून दिलंय. आमची लॅब लहान, नाशिकच्या एका कोपऱ्यात. दोन इन्क्युबेटर, एक हूड (पेशी हाताळायचं स्वच्छ हवेचं कपाट), एक उलटा मायक्रोस्कोप. फ्लोचं मशीन नाही. तरी आजूबाजूच्या कॉलेजांतून एमएस्सीची, पीएचडीची मुलं फोन करतात, “ताई, सेल्स परत फरशी व्हायला लागल्या.” पाठोपाठ त्यांचं निदानही तयार असतं: “प्लास्टिसिटी असेल ना?” म्हणजे पेशींनी आपणहून रूप पालटलं. असेलही. पण मी पाहिलेल्या बहुतेक वेळा दोष पेशींचा नव्हता, आमचाच होता.

नव्यांसाठी दोन शब्द, जुन्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. निरोगी स्तनातल्या पेशी घेऊन त्यांत टेलोमरेजचा जीन आणि एसव्ही४० विषाणूचा टी-अँटिजेन बनवणारा भाग घातला की त्या म्हाताऱ्या होत नाहीत, पण उंदरात गाठही करत नाहीत. ही एचएमएलई. वर बिघडलेला रास जीन चढवला की ती एचएमएलईआर, ही मात्र गाठ करते. अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने २००१ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. पुढची पायरी ई-कॅडेरिनची. हे प्रथिन शेजारच्या पेशीचा हात धरून ठेवतं. शॉर्ट हेअरपिन आरएनए (एखादा जीन गप्प करणारा छोटा आरएनए) घालून ते दाबलं की पेशी हात सोडते, लांबट होते, आणि तिच्यात स्टेम सेलचे गुण दिसायला लागतात. त्या झाल्या एसएचईकॅड पेशी.

एवढा खटाटोप कशाला? २००३ मध्ये अल-हज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रुग्णांच्या गाठीतून वेगळ्या काढलेल्या सीडी४४ जास्त, सीडी२४ कमी अशा जेमतेम १०० पेशी उंदरात नवी गाठ उभी करतात, आणि बाकीच्या हजारो पेशी टोचूनही काही होत नाही. म्हणजे खरा गुन्हेगार मूठभर. ती मूठ वेगळी करून डिशमध्ये वाढवायला जावं तर थोड्याच दिवसांत साध्या पेशींचीच गर्दी होते. औषधं तपासायला लाखो पेशी लागतात, त्या आणायच्या कुठून? जीन बदललेल्या पेशींनी ती सोय केली. २००९ मध्ये सुमारे १६,००० रसायनं एसएचईकॅड आणि कंट्रोल (ई-कॅडेरिन न दाबलेल्या) अशा दोन प्रकारच्या पेशींवर तपासून सॅलिनोमायसिन हाती लागलं ते यामुळेच.

सॅलिनोमायसिन म्हटलं की मला सिन्नरकडचे मामा आठवतात. त्यांची पोल्ट्री. “हे तर आमच्या खाद्यात असतं गं, कोंबड्यांच्या कॉक्सी रोगासाठी. मग कॅन्सरची गोळी का नाही करत?” मामा, तेच खाद्य घोड्याने खाल्लं तर घोडा मरतो. माणसालाही ते विषारीच. डिशमध्ये पेशी मारणं आणि माणसाला औषध देणं यांच्यात फार मोठा रस्ता आहे.

असो. आता तपासण्या. क्रम बदलू नका, तो खिशाच्या हिशोबाने लावलाय.

मीडियाचा रंग आणि इन्क्युबेटर (फुकट)

फ्लास्क उजेडात धरा. फिनॉल रेड नारिंगी-लाल असेल तर ठीक. गुलाबी-जांभळट दिसला तर कार्बन डायऑक्साइड पोचत नाहीये, पिवळा दिसला तर गर्दी झालीय किंवा जंतू आहेत. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या आधी लाइटचा खेळ सुरू होतो. इन्वर्टरवर फक्त फ्रीज ठेवलेला असतो आणि इन्क्युबेटर रात्रीतून तीनदा बंद-चालू होतो. सकाळी डिस्प्लेवर ३७ आणि ५ टक्के दिसतं, रात्री काय झालं ते कोणी सांगत नाही. म्हणून आत एक साधा कमाल-किमान थर्मामीटर ठेवा. सिलिंडरचा काटा रोज वहीत लिहा. खालच्या ट्रेमधलं पाणी बघा. उन्हाळ्यात ते आटतं, मग मीडिया घट्ट होतो, क्षार वाढतात, आणि ताण आलेल्या पेशी वाटेल तशा वागतात.

हे का आधी? कारण इथे दोष असेल तर पुढची प्रत्येक तपासणी खोटं उत्तर देईल.

वही (हीही फुकट, पण लाज वाटते)

पॅसेज नंबर, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाटल्या, तो काय? शेवटचं प्युरोमायसिन कधी घातलं? दिवाळीच्या सुट्टीत कोणी मीडिया बदलला, आणि त्याने प्युरोमायसिन घातलं का?

इथे जरा गणित करू. समजा फ्लास्कमध्ये जीन न बसलेल्या साध्या पेशी फक्त १ टक्का आहेत. त्या २४ तासांत दुप्पट होतात आणि एसएचईकॅड पेशी ३० तासांत. एका महिन्यात, म्हणजे ७२० तासांत, साध्या पेशी ३० वेळा दुप्पट होतील आणि दुसऱ्या २४ वेळा. सहा दुपटींचा फरक म्हणजे ६४ पट. त्या १ टक्क्याचे झाले जवळजवळ ३९ टक्के. यात कुठली प्लास्टिसिटी नाही, कुठली स्टेम सेल ‘परत फिरली’ नाही. शेतात तण वाढतं तसंच. “एकच महिना प्युरो बंद होतं” असं कोणी म्हटलं की मी हाच हिशोब कागदावर मांडून दाखवते.

पेशी गर्दीत किती दिवस ठेवल्या तेही वहीत सापडतं. ७०-८० टक्के भरला की फ्लास्क स्प्लिट करायचा. शंभर टक्के भरलेल्या फ्लास्कमध्ये लांबट पेशीही दाबून बसतात आणि नवख्याला त्या फरशीच वाटतात. हा खोटा गजर. विरळ पेरून दोन दिवसांनी पुन्हा बघा.

ट्रिप्सिन (एका बाटलीचा खर्च)

याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. ट्रिप्सिन पेशीला डिशपासून सोडवतं ते प्रथिनं कापूनच. सीडी४४ पेशीच्या बाहेरच्या बाजूला आहे. ट्रिप्सिनमध्ये पेशी ठेवून तुम्ही चहाला गेलात तर तेही कापलं जातं. मग फ्लोवर सीडी४४ कमी दिसतं आणि रिपोर्टात ‘स्टेम सेल्स घटल्या’ असं येतं.

उपाय सोपा. फ्लोसाठी पेशी सोडवायच्या दिवशी अॅक्युटेज किंवा नुसतं ईडीटीए, अशी पेशीवरची प्रथिनं फारशी न कापणारी द्रावणं वापरा. अर्धा फ्लास्क ट्रिप्सिनने, अर्धा ईडीटीएने सोडवा आणि दोन्ही एकाच दिवशी मोजा. आकडे वेगळे आले तर दुखणं सापडलं, पुढे वाचायची गरज नाही.

स्फिअर्स खरे की गोळा झालेले

स्फिअर मोजण्यामागचा मुद्दा एवढाच: एक स्टेमसारखी पेशी चिकटायला जागा नसतानाही एकटी तग धरते आणि विभागून गोळा करते. पेशी दाट पेरल्या तर त्या पोहत पोहत एकमेकींना चिकटतात, आणि पिठाच्या गुठळीला आपण स्फिअर म्हणतो. म्हणून मिलिलिटरला हजाराच्या वर पेशी पेरू नका. पेरण्याआधी ४० मायक्रॉनच्या गाळणीतून काढा आणि मायक्रोस्कोपखाली खरंच एकेक पेशी आहे का ते बघा. प्लेट ठेवली की सात ते दहा दिवस हलवू नका. मध्ये मध्ये ‘किती झालेत बघू’ म्हणून काढली की सगळ्या पेशी प्लेटमधल्या विहिरीच्या (खळग्याच्या) मधोमध जमतात. आमच्याकडे एकदा खालच्या मजल्यावर नवा कॉम्प्रेसर बसला आणि त्या महिन्यात स्फिअर्स दुप्पट झाले. शेल्फवर पाण्याची वाटी ठेवली तर पाण्यावर तरंग उठत होते.

खात्री करायची असेल तर हिरव्या जीएफपीच्या आणि लाल रंगाच्या पेशी निम्म्या निम्म्या मिसळून पेरा. गोळे नुसते हिरवे किंवा नुसते लाल निघाले तर एका पेशीपासून झालेत. हिरवा-लाल खिचडी गोळा दिसला की समजा गुठळी. एक प्लेट आणि आठवडाभर थांबायची तयारी, खर्च एवढाच. माझ्या मते हा प्रयोग न करता स्फिअरचा आकडा छापायलाच नको.

५० मायक्रॉनपेक्षा लहान गोळे मोजू नका.

प्युरोमायसिन काम करतंय का

औषध वितळवून, गोठवून, पुन्हा वितळवून दुबळं होतं. लेबलवरची तीव्रता कोणीतरी चुकीची लिहिलेली असते. म्हणून प्रत्येक नव्या स्टॉकला किल कर्व्ह. सहा विहिरींच्या प्लेटमध्ये जीन न घातलेल्या साध्या एचएमएलई पेशी पेरा आणि दुसऱ्या दिवशी मिलिलिटरला ०, ०.२५, ०.५, १, १.५ आणि २ मायक्रोग्रॅम असं प्युरोमायसिन घाला. तीन दिवसांत सगळ्या पेशी मारणारा सर्वांत कमी डोस, तो तुमचा. प्युरोमायसिन टीआरएनएच्या टोकाची नक्कल करतं, त्यामुळे रायबोसोमवर बनत असलेलं प्रथिन अर्ध्यावरच तुटतं. म्हणून परिणाम झटपट दिसतो. तीन दिवसांनीही २ मायक्रोग्रॅमच्या विहिरीत पेशी सुखाने नांदत असतील तर बाटली फेका.

इथे एक खोल खड्डा आहे, मी स्वतः पडलेय. एचएमएलईआर पेशींत रास जीन ज्या वाहकाने (जीन पेशीत नेणाऱ्या डीएनएने) आणला त्यातच प्युरोमायसिन-प्रतिकाराचा जीन असेल, तर त्या पेशी आधीच प्युरोमायसिनला दाद देत नाहीत. वर एसएचईकॅड चढवून प्युरोमायसिनने ‘निवड’ केली तर निवड कसलीच होत नाही, सगळ्याच जगतात. मी चार महिने अशी निवड करत होते. पेशी ज्यांच्याकडून आल्या त्यांचा कागद काढा आणि कोणता जीन कोणत्या औषधाच्या जोडीने घातलाय ते वाचा. तो कागद फ्रीजच्या दारावर चिकटवा.

मायकोप्लाझ्मा

हा जीव साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मीडिया गढूळ करत नाही, आणि ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो. पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम नाही, कारण पेनिसिलिन ज्या पेशीभित्तिकेवर घाव घालतं ती त्याला नाहीच. येतो कुठून? सीरममधून, दुसऱ्या लॅबच्या फ्लास्कमधून, आणि हूडसमोर गप्पा मारणाऱ्याच्या तोंडातून. तो पेशींचं अन्न खातो, त्यांची वाढ मंदावतो, जीनचे व्यवहार बदलतो. थोडक्यात, आपण जे मोजतोय तेच बिघडवतो.

पीसीआर किट असेल तर दर महिन्याला. नसेल तर होक्स्टने (डीएनएला चिकटणाऱ्या निळ्या रंगाने) रंगवा. केंद्रकाबाहेर, पेशीच्या अंगावर बारीक निळे ठिपके दिसले की तोच. ठिपके सापडले तर फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये, इन्क्युबेटर पुसून कोरडा, आणि जुनी गोठवलेली नळी काढायची. अँटिबायोटिक घालून वाचवायचा मोह होतो. तुमच्याकडे दुसरी नळी असेल तर नका वाचवू.

फ्लोचा आलेख

आता खर्च वाढतो. आम्ही फ्लोसाठी पुण्याला जातो. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं, मांडीवर आइस बॉक्स. जिवंत पेशी नेत नाही. रंगवून, पॅराफॉर्मल्डिहाइडने फिक्स करून नेतो. एकदा फिक्स केल्या की सेव्हन-एएडी किंवा प्रोपिडियम आयोडाइडने मेलेल्या पेशी वेगळ्या काढता येत नाहीत, सगळ्याच रंगतात. त्यासाठी फिक्स करण्याआधी फिक्सेबल डाय घालावा लागतो. मेलेल्या पेशी कोणत्याही अँटिबॉडीला चिकटतात आणि आलेख घाण करतात.

एकदा आलेखावर सीडी२४ कमी असलेला गट जवळजवळ शून्य आला. परतीच्या वाटेवर मी आळेफाट्याला चहा घेत मनातल्या मनात प्रोजेक्टचा शेवट लिहीत होते. घरी येऊन वाहकाचा नकाशा उघडला. त्यावर जीएफपी. आणि आमची सीडी२४ ची अँटिबॉडी एफआयटीसी हा हिरवा रंग लावलेली. दोन्हींचा उजेड एकाच डिटेक्टरमध्ये पडतो. ज्या पेशींत आमचा जीन बसलाय, नेमक्या त्याच ‘सीडी२४ जास्त’ दिसत होत्या. प्रयोग जितका यशस्वी, आलेख तितका वाईट! पुढच्या वेळी सीडी२४ दुसऱ्या रंगाची घेतली आणि ढग जागेवर आला.

म्हणून पेशींत आधीच कोणते रंग आहेत ते लिहून मगच अँटिबॉडी मागवा. प्रत्येक रंगाची एकेकटी नळी, आणि एकेक रंग वगळलेल्या एफएमओ नळ्या हव्यातच. त्यांच्याशिवाय रेघ कुठे मारायची हे मशीनसमोर बसलेला माणूस अंदाजाने ठरवतो.

ई-कॅडेरिन परत आलंय का

वरचं सगळं नीट निघालं तर आता वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे एखादं प्रथिन आहे का ते पट्टीवर दाखवणारी चाचणी. १२० किलोडाल्टनच्या आसपासची पट्टी बघायची, शेजारी कंट्रोल पेशी. व्हिमेंटिनही (लांबट पेशींतलं प्रथिन) लावा. ई-कॅडेरिन परतलं असेल तर व्हिमेंटिन उतरलेलं दिसतं.

प्युरोमायसिनमध्ये जगणाऱ्या पेशींत ई-कॅडेरिन कसं परततं? सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीएलकेओ.१ वाहकात हेअरपिन यू६ प्रमोटरवर (जीन चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) चालतो आणि प्युरोमायसिनचा जीन पीजीके प्रमोटरवर. घर एक, पण वीजमीटर दोन. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. औषध फक्त प्युरोमायसिनचा जीन चालू ठेवायला लावतं, हेअरपिनला नाही. म्हणून ‘औषधात जगल्या म्हणजे जीन काम करतोय’ हे वाक्य चूक.

ई-कॅडेरिन दबलेलंच आहे, मायकोप्लाझ्मा नाही, फ्लो स्वच्छ आहे आणि तरी पेशी बदलतायत, तर मग प्लास्टिसिटी म्हणा. ती खरी असते. साध्या पेशी आपोआप स्टेमसारख्या होऊ शकतात हे २०११ मध्ये याच प्रकारच्या पेशींवर दाखवलं गेलंय. पण तिचा नंबर शेवटी.

इथे हात थांबवा

पेशी मुळात त्याच आहेत का अशी शंका आली तर एसटीआर प्रोफाइलिंग (डीएनएवरून पेशींची ओळख) करून देणाऱ्या लॅबला नमुना पाठवा. स्वतः डोळ्यांनी ठरवू नका. जुळलं नाही तर त्या फ्लास्कवरचा सगळा डेटा बाजूला.

हेअरपिन बंद पडलाय आणि नव्याने लेंटिव्हायरस (जीन पेशीत पोचवणारा विषाणू) करावा लागणार असं दिसलं तर थांबा. हे बीएसएल-२ (जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीच्या लॅब) चं काम आहे. संस्थेच्या बायोसेफ्टी समितीची मंजुरी लागते, आणि रास जीनसारखं काही असेल तर प्रकरण आरसीजीएमपर्यंत (जीन बदलाच्या कामांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी समितीपर्यंत) जाऊ शकतं. ‘एका दिवसाचंच काम आहे’ म्हणून साध्या हूडमध्ये विषाणू करणारे मी पाहिलेत. विषाणू करण्याची सोय आणि परवानगी असलेल्या लॅबकडून पेशी करून घ्या. विषाणूची किंवा एचएमएलईआरची सुई हाताला लागली तर साबणाने धुवा आणि त्याच तासात डॉक्टर आणि बायोसेफ्टी अधिकारी, दोघांना सांगा. नंतर नाही.

हूडचा वारा कमी वाटतो म्हणून हेपा फिल्टर स्वतः उघडू नका. तो काढण्याआधी हूड निर्जंतुक करावा लागतो आणि बसवल्यावर गळती मोजावी लागते, ते प्रमाणित तंत्रज्ञाचं काम. सिलिंडरच्या रेग्युलेटरचंही तेच.

आणि ‘या खरंच कॅन्सर स्टेम सेल्स आहेत’ असं लिहायचं असेल तर स्फिअर आणि सीडी४४ वर ते लिहिता येत नाही. त्याला उंदरात कमी कमी पेशी टोचून गाठ मोजावी लागते. ते प्राणीगृह, प्राणी-प्रयोगांची परवानगी आणि अनुभवी हात असलेल्या संस्थेबरोबरच.

कधी कधी फोनवर प्रश्न वेगळाच निघतो. “ताई, माझ्या आईला गाठ आहे, तुमच्याकडे बघता का?” नाही. सर्जनकडे जा, याच आठवड्यात.

राहिला कायमचा बंदोबस्त. पेशी आल्या की पहिल्याच महिन्यात वीस नळ्या गोठवायच्या, त्यातली एक वितळवायची, दहा पॅसेज वापरायची आणि कितीही छान दिसत असल्या तरी फेकून नवी काढायची. फ्लास्कवर पेशीचं नाव लिहितो तिथेच फेकायची तारीखही लिहायची. आमच्या इन्क्युबेटरमधल्या फ्लास्कवर आत्ता लाल मार्करने १४ लिहिलंय.